पहिल्या कादंबरीची गोष्ट



आमच्या तालुक्याच्या गावी एक सार्वजनिक वाचनालय आहे. त्याच्या ग्रंथनिवड समितीवर मी गेली चार-पाच वर्षे काम करतो. समिती म्हणजे आम्ही तिघेच. एक निवृत्त मुख्याध्यापक, एक औषधांचे दुकानदार आणि मी. वर्षातून दोनदा बसायचे, चहा घ्यायचा आणि अनुदानाच्या बेतात बसेल एवढी यादी करायची. पैसे थोडे, मागण्या फार. 'मृत्युंजय'ची जुनी प्रत पार खिळखिळी झाली आहे, ती बदलायला हवी. 'स्वामी' नेहमी बाहेरच असते, तिची आणखी एक प्रत हवी. खांडेकर हवेत, फडके हवेत. असे करता करता पैसे संपतात, आणि यादीच्या तळाशी मी लिहिलेली दोन-तीन नवी नावे दर वेळी खोडली जातात.

मागच्या बैठकीत दुकानदार मला म्हणाले, "सर, हा कोण नवा माणूस? याचं नाव कुणी ऐकलेलं नाही. पहिलंच पुस्तक आहे त्याचं. तीनशे रुपये घालायचे, आणि ते कपाटात पडून राहायचं. त्यापेक्षा 'मृत्युंजय'च्या दोन प्रती घेऊ." मी गप्प बसलो. त्या वेळी उत्तर सुचलेच नाही. घरी येऊन हातपाय धुतले, पाटावर बसलो, आणि पहिल्या घासालाच आठवण झाली की अहो, 'मृत्युंजय' हीसुद्धा पहिलीच कादंबरी आहे! १९६७ साली ती प्रसिद्ध झाली, तेव्हा शिवाजी सावंत सत्तावीस वर्षांचे होते आणि कोल्हापुरात एका हायस्कुलात शिकवीत होते. आजऱ्याकडच्या या तरुण मास्तराचे नाव तरी तेव्हा कोणी ऐकले होते? आणि ज्या 'स्वामी'साठी आमच्याकडे रांग लागते, तिचे लेखक रणजित देसाई यांनी तिच्याआधी 'बारी' लिहिली होती. सुतगट्टीच्या घाटातल्या बेरडांचे जिणे त्या पहिल्या कादंबरीत आहे. १९५९ साली ती कोणी तरी विकत घेतली, वाचली, म्हणून पुढे १९६२ साली 'स्वामी' आली, असे म्हणायला हरकत नाही.

तर आजचे हे बोलणे म्हणजे त्या दिवशी न सुचलेले उत्तर समजा. उशिरा सुचलेले उत्तर जरा लांबते, त्याला माझा इलाज नाही.

आधी अगदी मुळाकडे जाऊ. आपण ज्याला 'कादंबरी' म्हणतो, ते खरे पाहता बाणभट्टाच्या एका संस्कृत ग्रंथाचे आणि त्यातल्या नायिकेचे नाव. हिंदीने 'उपन्यास' हा शब्द घेतला, गुजरातीने 'नवलकथा' म्हटले. आपण मराठी माणसांनी एका नायिकेचे नाव उचलून साऱ्या वाङ्मयप्रकाराला देऊन टाकले. शिक्षकांनी वर्गात ही गंमत मुलांना जरूर सांगावी. त्यांना ती आवडते, असा माझा अनुभव आहे.

मराठीतली पहिली स्वतंत्र कादंबरी म्हणून 'यमुनापर्यटन' या पुस्तकाचा मान आहे. साल १८५७. लेखक बाबा पदमनजी. हे मूळचे बेळगावचे. १८५४ साली, तेवीस वर्षांचे असताना त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि तीनच वर्षांनी हे पुस्तक लिहिले. यमुना ही नव्या विचारांची तरुण मुलगी नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते आणि गावोगाव विधवांची जी दशा दिसते ती पाहत जाते. केशवपन, उपासतापास, घरातले टोमणे, आणि कुठे तरी अंधारात झालेला अनाचार. पुढे तिच्यावरच वैधव्य येते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा. म्हणजे कायद्याच्या कागदावरची शाई वाळते न वाळते तोच हे पुस्तक आले. सरकारने परवानगी दिली होती, पण घरात कोण परवानगी देणार, हा प्रश्न त्या पुस्तकाच्या पोटात आहे.

आता खरे सांगायचे तर 'यमुनापर्यटन' आज वाचायला सोपे नाही. मध्येच प्रवचन सुरू होते. लेखकाला धर्मप्रसार करायचा आहे, हे लपून राहत नाही. यमुना शेवटी ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. तेवढ्यासाठी आपल्याकडे पुष्कळ दिवस या पुस्तकाकडे काणाडोळा झाला. मला तो अन्याय वाटतो. ज्या बायकांचे नाव घरातसुद्धा मोठ्याने घेत नसत, त्या मराठी कादंबरीच्या पहिल्याच पानापासून तिथे उभ्या आहेत. राजा नाही, राजपुत्र नाही, परी नाही.

राजपुत्र लगेच आलेच म्हणा! १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि वाचकांना तिने वेड लावले. ताटातूट, संकटे, दुष्ट माणसे, शेवटी सुखाची भेट. पुढची पंधरा-वीस वर्षे त्याच वळणाच्या कादंबऱ्यांचे पीक आले. १८६८ सालची रिसबुडांची 'मंजुघोषा' त्यातलीच. त्यांची नावे आज परीक्षेपुरती उरली आहेत, तेव्हा आपण पुढे सरकू.

हरि नारायण आपटे यांच्यापाशी मात्र थांबायलाच हवे. जन्म १८६४, खानदेशातल्या पारोळ्याचा. १८८५ साली 'पुणेवैभव' पत्रात त्यांची 'मधली स्थिती' क्रमाने येऊ लागली. लेखकाचे वय एकवीस. रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रज लेखकाच्या लंडनवरच्या कादंबरीचा धागा त्यांनी हाती घेतला होता, हे जाणत्यांनी दाखवून दिलेले आहे. म्हणजे पहिल्या कादंबरीत उसनवारी होती. असेना का! उसन्या धाग्यात ओवले ते पुणेच होते: जुने सुटलेले, नवे नीट न पचलेले, अशा मधल्या अवस्थेतले घरोघरचे पुणे. राजवाडे आणि अरण्ये सोडून मराठी कादंबरी वाड्याच्या ओसरीवर येऊन बसली, ती या पोराच्या हाताला धरून. पाचच वर्षांनी, १८९० साली, त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढले आणि त्यातून 'पण लक्षांत कोण घेतो?' लिहिली. तिच्यातल्या यमूची गोष्ट आपणांपैकी अनेकांनी वाचली असेल. पण 'मधली स्थिती' कोणी छापलीच नसती, किंवा 'नवखा पोरगा आहे, अजून पिकू द्या' म्हणून संपादकाने परत पाठवली असती, तर यमू आपल्याला भेटली असती का? मला शंका आहे.

यानंतरचा काळ मी झरझर ओलांडतो. वामन मल्हार, केतकर, फडके, खांडेकर यांच्याविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि शिक्षकांना ते माझ्याहून जास्त पाठ असेल. मला बोलायचे आहे ते एका जोडप्याविषयी.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' नावाचा कथासंग्रह ह. वि. मोटे या धाडसी प्रकाशकाने काढला. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनात काय चालते ते त्यात उघड मांडले होते, आणि महाराष्ट्रात एकच गदारोळ उठला. ही बाई कोण? बाई आहे की बाईच्या नावाआडचा पुरुष? दुसऱ्याच वर्षी, १९३४ साली, तिची पहिली कादंबरी आली, 'हिंदोळ्यावर'. नवऱ्याचे घर सुटलेली अचला आपले आयुष्य आपण ठरवू पाहते, हा तिचा विषय. लोकांच्या रागात भरच पडली.

या विभावरी शिरूरकर म्हणजे बाळूताई खरे. जन्म १९०५ सालचा, घोडनदी म्हणजे शिरूरचा. टोपणनावातले 'शिरूरकर' तिथून आले. वडील शिक्षक. स्वतः बाळूताईंनीही पुण्याच्या कन्याशाळेत शिकवले. म्हणजे बघा, दिवसा मुलींना धडे द्यायचे, आणि त्याच मुलींच्या भवितव्याबद्दल जे वर्गात बोलता येत नाही ते रात्री खोट्या नावाने लिहायचे! नाव उघड झाले असते तर नोकरी राहिली नसती, समाजात तोंड काढणे कठीण झाले असते. शिक्षिका भगिनींनी हे ध्यानात घ्यावे. पहिल्या पुस्तकासाठी माणूस काय काय पणाला लावतो, ते आपल्याला पुस्तकाच्या किमतीवरून कळत नाही. पुढे त्या सोलापूरला, त्या वेळी ज्यांना 'गुन्हेगार जमाती' म्हणत त्यांच्या वसाहतीवर अधिकारी म्हणून गेल्या, आणि त्या अनुभवातून १९५० साली 'बळी' ही कादंबरी झाली.

१९३८ साली त्यांनी विश्राम बेडेकर यांच्याशी विवाह केला आणि त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९३९ साली, या बेडेकरांची कादंबरी आली, 'रणांगण'. बेडेकर हे नाटक-सिनेमातले माणूस. युरोपातून परत येताना बोटीवर त्यांनी जे पाहिले, त्यावर ही छोटीशी कादंबरी उभी आहे. हिटलरच्या जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू निर्वासित बोटीत आहेत, पूर्वेकडे शांघायला निघालेले. त्यांच्यात हॅर्टा ही तरुणी आहे. तिची आणि चक्रधर या मराठी तरुणाची गाठ पडते, प्रेम जडते, आणि मुंबईला तो उतरतो. ती बोटीवरच राहते, कारण तिला उतरायला जगात जागाच नाही. पुढे ती समुद्राला जवळ करते. दहा-बारा दिवसांचा सारा मामला, आणि दुसरे महायुद्ध पेटायच्या सुमाराला हे पुस्तक मराठी वाचकाच्या हातात पडले.

मित्रहो, देशोदेशीचे साहित्य पाहिले तरी या विषयावर इतक्या लवकर लिहिलेली कादंबरी सहजी सापडायची नाही. आणि बेडेकरांनी त्यानंतर दुसरी कादंबरी लिहिलीच नाही! पहिलीच शेवटची ठरली. आमचे दुकानदार मित्र 'लेखक जरा नावारूपाला येऊ द्या, मग घेऊ' म्हणतात. त्यांच्या हिशेबाने 'रणांगण' आमच्या वाचनालयात कधीच आले नसते.

आता वळतो त्या पुस्तकाकडे, ज्यासाठी खरे तर मी हा विषय घेतला. खेड्यात राहणाऱ्या आणि शाळेत शिकवणाऱ्या माणसाने एकच मराठी कादंबरी वाचायची म्हटली, तर ती कोणती? मी डोळे मिटून 'बनगरवाडी' म्हणेन.

व्यंकटेश माडगूळकर यांचा जन्म १९२७ सालचा, माडगूळ गावचा. हे गाव तेव्हा औंध संस्थानात होते, आता सांगली जिल्ह्यात आटपाडी तालुक्यात येते. पाऊस कमी, माळ उघडा, हुलगे-बाजरीचा मुलूख. त्यांचे पहिले पुस्तक 'माणदेशी माणसं' १९४९ सालचे. ती व्यक्तिचित्रे होती. 'बनगरवाडी' ही पहिली कादंबरी पुस्तकरूपाने १९५५ साली आली. आणि आकाशवाणीच्या श्रोत्यांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्याच सुमारास माडगूळकर पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांसाठी रुजू झाले आणि पुढे अनेक वर्षे त्यांनी तिथेच नोकरी केली. शेतकऱ्यांच्या कानावर पडणारी भाषा कशी असावी, हे जाणणारा माणूस त्या खुर्चीवर बसला होता.

गोष्ट अगदी साधी आहे. राजाराम नावाचा एक पोरसवदा मास्तर संस्थानच्या हुकुमाने धनगरांच्या एका वाडीवर शाळा चालवायला येतो. वाडी लहानशीच. शाळा आहे पण पोरे नाहीत, कारण पोरे मेंढरांमागे. मास्तर आला म्हणून कोणाला आनंद नाही, रागही नाही. म्हातारा कारभारी त्याला आधी नीट जोखून घेतो. मग हळूहळू पोरे येऊ लागतात, आणि पोरांच्या मागून वाडीची सगळी गाऱ्हाणी येतात. कोणाचा कागद वाचून दाखवायचा, कोणाचे तालुक्याला काम, कोणाचे भांडण मिटवायचे. मास्तर शिकवायला आला होता. बघता बघता तो वाडीचा मुनीम, वकील आणि घरचा माणूस होऊन बसतो. शिक्षकबंधूंनो, हे वाचताना तुम्हाला हसू येईल, कारण ही सगळी कामे आजही तुमच्या गळ्यात आहेतच. फक्त कागदाच्या जागी मोबाइलवरचा अर्ज आला आहे.

त्यात एक प्रसंग आहे. शेकूच्या घरी बैलजोडीतला एकच बैल. पेरणीची वेळ टळते आहे, दुसरा बैल कोणी देत नाही. तेव्हा त्याची बायको जोखडाला स्वतःचा खांदा लावते. माडगूळकर तिथे हळहळत नाहीत, 'हाय रे दैवा' म्हणत नाहीत, सरकारला शिव्या देत नाहीत. जे झाले ते सांगतात आणि पुढे जातात. आपल्याकडे खेड्यावर लिहिताना दोन खोडी फार. एक म्हणजे सगळे हिरवेगार, भोळेभाबडे, झुळुझुळु ओढे. दुसरी म्हणजे सगळे काळेकुट्ट, सावकार आणि अश्रू. 'बनगरवाडी'त दोन्ही नाहीत. मास्तरच्या खटपटीने वाडीवर तालीम उभी राहते, राजेसाहेब स्वतः येतात, वाडीला सण वाटतो. आणि मग पाऊस दगा देतो. मेंढरे मरू लागतात, माणसे एकेक करून वाडी सोडतात, आणि शेवटी मास्तरालाही ती सोडावी लागते. शाळेचे, तालमीचे, त्या सगळ्या धडपडीचे काय झाले, याचा हिशेब लेखक मांडत नाही. मी शेवटचे पान वाचून प्रत्येक वेळी थोडा वेळ तसाच बसून राहतो.

१९५८ साली या कादंबरीचे इंग्रजी भाषांतर झाले, १९९५ साली अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट काढला. मेंढक्यांच्या घरांची ही गोष्ट परदेशी वाचकापर्यंत पोहोचली. माझ्याकडे बी. ए.च्या वर्गात एक धनगराचा मुलगा होता. त्याला मी ती वाचायला दिली. दोन दिवसांनी येऊन तो एवढेच म्हणाला, "सर, मेंढरांचं बरोबर लिहिलंय." मी समीक्षेची पुष्कळ पुस्तके वाचली आहेत. पण एखाद्या कादंबरीला याहून वजनदार प्रशस्तिपत्र मला आठवत नाही.

१९६३ साल हे मराठी कादंबरीत मोठ्या धामधुमीचे. त्या एका वर्षात दोन पहिल्या कादंबऱ्या आल्या. एक जयवंत दळवींची 'चक्र'. मुंबईच्या झोपडपट्टीतले जगणे, तिथल्याच भाषेत. दुसरी भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला'. नेमाडे खानदेशातल्या सांगवीचे, वय पंचवीस. मुंबईहून गावी परतले होते, हाताला काम नव्हते, आणि रा. ज. देशमुख या प्रकाशकाचा तगादा मागे होता. अवघ्या काही दिवसांत त्यांनी ती बसून लिहून काढली.

'कोसला'ची मी तुम्हाला सरसकट शिफारस करीत नाही. मी स्वतः ती वसतिगृहात असताना पहिल्यांदा हातात घेतली, आणि पन्नासएक पानांवर मिटून ठेवली. म्हटले, हा पांडुरंग सांगवीकर नुसता वैतागतो काय, सगळ्याला 'वगैरे' काय म्हणतो, मेसचे हिशेब काय सांगतो! पुढे एक वर्ष माझा स्वतःचा निकाल बिघडला. गावी जाऊन वडिलांसमोर उभे राहायचे होते. त्या सुट्टीत पुन्हा उघडली आणि एका बैठकीत संपवली. खेड्यातून पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाच्या मनात बापाच्या पैशाविषयी जी लाज असते, ती त्या पुस्तकाआधी मराठीत कोणी लिहिलीच नव्हती. आणि धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, तो भाग वाचताना त्या सगळ्या थट्टेखाली काय दडले आहे ते कळते. तेव्हा शिक्षकांनी ही कादंबरी शाळेतल्या मुलांना देऊ नये. कॉलेजात जाऊन पहिल्यांदा नापास झालेल्या मुलाला मात्र जरूर द्यावी. याच लेखकाला पुढे २०१४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. १९६३ साली मात्र ते एक बेकार तरुण होते, एवढे लक्षात असू द्या.

१९७१ सालाविषयी दोन शब्द. कागलचे आनंद यादव यांची पहिली कादंबरी 'गोतावळा' त्या वर्षीची. मालकाच्या रानात राबणारा नारबा नावाचा गडी ती आपल्या बोलीत सांगतो. रानातली जनावरे हाच त्याचा गोतावळा. मळ्यात यंत्र येते, आणि बैल, म्हशी, एकेक करून जातात. यंत्राला विरोध करण्यासाठी लिहिलेले हे पुस्तक नव्हे. ट्रॅक्टर घेऊ नये असे यादव म्हणत नाहीत. बैल गेल्यावर गड्याच्या उरात काय होते तेवढे सांगतात. त्याच वर्षी मराठवाड्याचे रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' आली. कथाकार म्हणून बोराडे आधी माहीत होते, कादंबरीकार म्हणून त्यांची ओळख या पुस्तकाने झाली. खेड्यातल्या गंगाराम शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको पारबती सांगते. तिकडच्या बायका जशा बोलतात, अगदी तशी. मोठ्याने वाचायचे पुस्तक आहे ते. घरात आईला वाचून दाखवा, ती मध्येच तुम्हाला थांबवून तुमचा उच्चार सुधारील!

नंतरच्या काळातली पहिली पुस्तके मी चुटपुटत गाळतो आहे. राजन गवस यांची १९८५ सालची 'चौंडकं' मात्र गाळवत नाही. देवीला वाहिलेल्या मुलींच्या जिण्यावरची ती कादंबरी तिकडच्या शिक्षकांनी तरी ठेवलीच पाहिजे. आणि २००५ सालची कविता महाजन यांची 'ब्र'. 'ब्र काढणे' हा आपल्या घरोघरचा शब्दप्रयोग. सासूसमोर ब्र काढायचा नाही, पंचासमोर ब्र काढायचा नाही. १९९२ सालच्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने गावच्या पंचायतीत बायकांना राखीव जागा मिळाल्या. खुर्ची मिळाली, पण त्या खुर्चीवर बसलेल्या आदिवासी बाईने ब्र काढला तर काय होते, हे कविता महाजनांनी या पहिल्या कादंबरीत दाखवले. त्या २०१८ साली अकाली गेल्या. आपल्याकडे २०११ सालापासून पंचायतीतल्या निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. ज्या गावात 'सरपंचपती' नावाची पदवी रूढ झाली आहे, तिथल्या वाचनालयात हे पुस्तक नसावे, हे काही बरोबर नाही. नको तितके खरे आहे म्हणून नसते, असाही मला कधी कधी संशय येतो.

पहिल्या पुस्तकात दोष असतातच. माणूस आयुष्यभर साठवलेले सगळे एकदम ओततो. बालपण, गाव, पहिले प्रेम, वडिलांवरचा राग, सगळे एकाच पिशवीत कोंबतो. पाने वाढतात. शेवट कसा करावा ते कळत नाही, म्हणून कोणाला तरी मारून टाकतो. मी नवे पुस्तक निवडताना एवढेच बघतो की ज्या कामाविषयी लिहिले आहे ते काम लेखकाला येते का. पेरणीविषयी असेल तर पाभरीचे वर्णन खरे आहे का, शाळेविषयी असेल तर हजेरीपटाचे खरे आहे का. ते खरे असेल तर बाकीच्या चुका मी पदरात घेतो. ही कसोटी माझ्या त्या विद्यार्थ्याकडून शिकलो, हे वेगळे सांगायला नको.

साहित्य अकादमी २०११ सालापासून पस्तिशीच्या आतल्या लेखकांना युवा पुरस्कार देते. २०२४ साली मराठीसाठी तो देविदास सौदागर यांच्या 'उसवण' या कादंबरीला मिळाला. हे तुळजापूरचे, स्वतः शिंपीकाम करणारे. बाजारात तयार कपडे आले आणि गावच्या शिंप्याचे काम कसे उसवत गेले, हे त्यात आहे. 'पाचोळा' आणि 'उसवण', मध्ये पन्नास वर्षांचे अंतर, दोन्हींत मराठवाड्यातल्या शिंप्याचे घर. पहिल्या खेपेला शिंप्याची गोष्ट एका प्राध्यापकाने लिहिली; या खेपेला सुईदोरा हातात धरणाऱ्यानेच.

यादीतून खोडले गेलेले जे नाव मी सुरुवातीला सांगितले, ते हेच. शेवटी मी माझ्या पैशाने एक प्रत घेतली आणि वाचनालयाला भेट दिली. दुकानदार हसले. म्हणाले, "आता बघू कोण नेतंय." आमच्या बाजारपेठेत एक शिंपी आहेत, आता बहुतेक जुन्या कपड्यांची दुरुस्ती आणि शाळेचे गणवेश एवढेच काम उरले आहे त्यांच्याकडे. वाचनालयाचे सभासद नव्हते. डिपॉझिट भरून झाले. पुस्तक त्यांनी तीन आठवडे ठेवले आणि उशिराचा दंड कुरकुर न करता भरला. तेव्हापासून दोनदा येऊन विचारून गेले आहेत, या माणसाचे दुसरे पुस्तक आले का म्हणून.